चर बुजवल्यानंतर : डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहाविषयी

डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाचा इतिहास सांगायचा म्हटले की गावांची नावे आपोआप ओठांवर येतात. लांघणज, नाशिक, जोर्वे, महेश्वर, नावडातोली, नेवासे, चांदोली, आहाड, इनामगाव, बालाथळ, इसामपूर, फरमाणा, राखीगढी. या नावांच्या जोडीला प्राध्यापकांची नावे, उत्खननांची वर्षे आणि गाजलेल्या शोधांची यादी दिली की स्मरणिकेतला लेख पूर्ण होतो, अशी आपली समजूत आहे. ती अपुरी आहे. उत्खननाचे एक वैशिष्ट्य असे की ते आपला पुरावा स्वतःच संपवत जाते. थर एकदा काढला की तो परत बसवता येत नाही, आणि चर बुजवल्यावर त्या जागेचे जे काही उरते ते दोनच ठिकाणी: नोंदींमध्ये आणि पिशव्या-खोक्यांमध्ये. म्हणून खणणाऱ्या संस्थेचे खरे मोजमाप तिने किती जागा खणल्या यावरून होत नाही. खणून आणलेले पुढे कसे सांभाळले यावरून होते. डेक्कन कॉलेजचा इतिहास या बाजूने पाहिला तर तो जास्त खरा दिसतो, असे मला वाटते, आणि त्यासाठी लागणारा पुरावा संस्थेच्याच कामात भरपूर आहे.

संस्थेची पाळेमुळे १८२१ सालची. एल्फिन्स्टनच्या काळात, पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून, विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज झाले, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या येरवड्याच्या इमारतीत ते १८६८ मध्ये गेले. १९३४ मध्ये सरकारने ते बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पुन्हा उघडली, ती मात्र पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. सु. मं. कत्रे, इरावती कर्वे, त्र्यं. शं. शेजवलकर, ह. धी. सांकळिया ही माणसे त्या पहिल्या फळीतली. रावबहादूर पारसनीसांचा साताऱ्याचा ऐतिहासिक संग्रहही याच सुमारास इथे आला. म्हणजे संशोधन संस्था म्हणून डेक्कन कॉलेज जन्मले तेच एक मोठा संग्रह उराशी घेऊन, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सांकळिया लंडनहून डॉक्टरेट घेऊन आले होते आणि मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननात त्यांनी काम केले होते. थर वाचायचा, प्रत्येक वस्तू कोणत्या थरातली ते लिहून ठेवायचे, ही शिस्त त्यांनी तिथून आणली. १९४१ नंतर गुजरातेत लांघणजला त्यांनी काम सुरू केले, तेव्हा हाती लागले ते गारगोटीच्या जातीच्या दगडांच्या नखाएवढ्या हत्यारांचे छिलके, हाडांचे तुकडे आणि काही मानवी सांगाडे. प्रेक्षकाला दाखवावे असे त्यात फारसे काही नव्हते. त्या हाडांत गेंड्याच्या खांद्याचे एक पसरट हाड होते आणि त्याच्या पृष्ठभागावर लहान लहान खळगे होते. गेंड्याचे हाड म्हणून त्याची नोंद करून ते बाजूला ठेवले असते तरी कुणी दोष दिला नसता. खळग्यांकडे लक्ष गेले, तेव्हा कळले की ते हाड ऐरणीसारखे वापरले होते, त्यावर ठेवून बारीक हत्यारे घडवली जात. गुजरातच्या आज कोरड्या असलेल्या त्या मुलखात एके काळी गेंडा वावरत होता आणि त्या काळच्या माणसाने त्याचे हाड कामाला जुंपले होते, या दोन्ही गोष्टी एका ओबडधोबड हाडाने सांगितल्या. सांगाड्यांचा अभ्यास त्या काळी इरावती कर्वे यांनी हाती घेतला आणि १९६० च्या दशकात परदेशी मानवशास्त्रज्ञांनी ते पुन्हा तपासले. ते जपून ठेवले होते म्हणूनच दुसरी तपासणी होऊ शकली.

उत्खननाच्या जागेवर रोज संध्याकाळी जे चालते ते बाहेरच्या माणसाला कंटाळवाणे वाटेल. खापरे पाण्यात टाकायची, मऊ ब्रशने धुवायची, सावलीत वाळवायची. मग चौकटी आखलेल्या मोकळ्या जागेत थरवार मांडायची आणि एकेका खापरावर, आतल्या बाजूने, काळ्या शाईत बारीक अक्षरांत लिहायचे: गावाच्या नावाची आद्याक्षरे, चराचा क्रमांक, थराचा क्रमांक, खोली. या एका ओळीवर सगळे उभे असते. जोर्वे पद्धतीच्या भांड्याचे खापर तांबूस, काळ्या रेघांनी रंगवलेले, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारे असते. जाणकार ते हातात घेताच ओळखतो. पण ते नेवाशाचे की इनामगावचे, वरच्या थरातले की खालच्या, हे खापर स्वतः कधीच सांगत नाही. ती ओळ पुसली गेली की उरते ते एक सुंदर, निरुपयोगी खापर. याच संस्थेत, त्याच आवारात, कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृत कोशाचा प्रकल्प सुरू केला. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार झाल्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर शब्दासोबत ग्रंथ व स्थळ लिहिले गेले. स्थळ नसलेली चिठ्ठी कोशकार हातात धरत नाही. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला, तरी तोवर चिठ्ठ्या कशाला ठेवायच्या असे कुणी विचारले नाही. खापरांच्या पिशव्यांबाबत मात्र हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. कोशाची चिठ्ठी आणि थरक्रमांक लिहिलेले खापर यांचे काम एकच आहे. एकाला आपण ज्ञान म्हणतो आणि दुसऱ्याला अडगळ, ही आपली जुनी खोड आहे.

संग्रह सांभाळणे म्हणजे वस्तू स्वच्छ करून मांडणे, हा समज किती घातक ठरू शकतो ते नेवासे आणि चांदोलीच्या मण्यांवरून दिसते. नेवाशाला ताम्रपाषाणयुगीन दफनात एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी सापडले. चांदोलीलाही तसेच मणी मिळाले. तांब्यावर हिरवट क्षारांचा जाड थर चढला होता. घरातली घागर घासतो तशी ती माळ आम्लाने घासून लख्ख केली असती तर संग्रहालयाच्या कपाटात ती उठून दिसली असती. तसे केले गेले नाही. त्या हिरव्या पुटांत, मण्यांच्या भोकांमध्ये, दोऱ्याचे अवशेष टिकून होते. तांब्याचे क्षार सूक्ष्म जीवांना मारक असतात, त्यामुळे एरवी काही वर्षांत कुजून जाणारा धागा तिथे तीन हजारांहून अधिक वर्षे राहिला. ए. एन. गुलाटी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो तपासला. चांदोलीचा धागा जवसाचा निघाला आणि नेवाशाच्या धाग्यात कापसाबरोबर रेशीमही आढळल्याचे त्यांनी नोंदवले. डेक्कन कॉलेजने हे निष्कर्ष, प्राण्यांच्या हाडांच्या आणि धान्यांच्या अभ्यासासह, १९६१ मध्ये स्वतंत्र पुस्तकात छापले. दख्खनच्या वस्त्रांच्या इतिहासातले हे एक पान गंजामुळे वाचले, आणि तो गंज काढायची घाई झाली नाही म्हणून वाचले.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. अहवाल छापला की वस्तूचे काम संपले, असे अनेक विद्वान मानत आले. सांकळियांच्या काळात अहवाल वेळेवर निघत हे खरेच आहे: नाशिक-जोर्व्याचे उत्खनन १९५०-५१ चे, अहवाल १९५५ चा, महेश्वर-नावडातोलीचा १९५८ मध्ये, नेवाशाचा १९६० मध्ये. इतकी तत्परता आज दुर्मीळ आहे आणि तिचा या संस्थेला रास्त अभिमान वाटावा. पण अहवाल हा त्या काळच्या प्रश्नांना त्या काळच्या साधनांनी दिलेला जबाब असतो. कार्बन-१४ ची उदाहरणे घ्या. साठच्या दशकातल्या अहवालांत छापलेल्या तारखा आज आहेत तशा वापरता येत नाहीत. झाडांच्या वर्षवलयांवरून केलेली दुरुस्ती त्यांना लावावी लागते आणि तिने काही ठिकाणी शतकांचा फरक पडतो. त्या वेळी तारीख काढायला मूठभर कोळसा लागे, आता जळक्या धान्याचा एक दाणा पुरतो. कोळसा जुन्या लाकडाचा असू शकतो, दाणा मात्र त्याच हंगामाचा असतो, म्हणून दाण्याची तारीख अधिक भरवशाची. दाणा ठेवला असेल तर हे करता येते. अहवालातल्या दाण्याच्या छायाचित्रावरून करता येत नाही.

इनामगाव हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी हे गाव उलगडले. इ. स. पू. १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत शंभराहून अधिक घरे, धान्याच्या कणग्या, मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरण्याची रीत आणि पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष असे सगळे या गावाने दिले. अहवाल १९८८ मध्ये निघाला. त्यापूर्वीच, १९८६ मध्ये, सु. रा. वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी मानवी अवशेषांचे स्वतंत्र विवेचन प्रसिद्ध केले होते. ढवळीकरांची मांडणी अशी की इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे झाले, शेती आक्रसली आणि लोक मेंढपाळीकडे, भटकेपणाकडे वळले. ही मांडणी पाठ्यपुस्तकांतून सर्वदूर पोहोचली. पुढे अमेरिकेच्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी पुण्यातच ठेवलेले नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या मुलांचे सांगाडे नव्याने मोजले. मुलांच्या हाडांच्या वाढीवरून कुपोषण, बालमृत्यू आणि जन्मदर यांचा अंदाज बांधून त्यांनी २०११ मध्ये पुस्तक लिहिले आणि दुष्काळ म्हणून भटकेपण या सरळ समीकरणाला प्रश्न विचारले. कोण बरोबर हा वाद तज्ज्ञांचा. माझा मुद्दा वेगळा आहे. वाद होऊ शकला, कारण दोन मडक्यांत पुरलेली ती तान्ही हाडे, बोटाच्या पेराएवढी, दशकानुदशके नीट वेगळी ठेवली गेली होती. ज्येष्ठ संशोधकाची मांडणी पुन्हा तपासण्याची संधी संस्थेने स्वतःच्या कोठारात जपली, हा त्या संशोधकाचाही सन्मान आहे.

उदयपूरजवळच्या बालाथळचे उदाहरण आणखी थेट आहे. नव्वदच्या दशकात वि. ना. मिश्र यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झाले तेव्हा दगडी आवारात, गोवऱ्यांच्या राखेच्या थरांत पुरलेला एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा मिळाला. काळ इ. स. पू. २००० च्या आसपासचा. २००९ मध्ये त्याच्या कवटीवरील आणि इतर हाडांवरील बदलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कुष्ठरोगाचा तोवरचा सर्वांत जुना हाडांतला पुरावा म्हणून बालाथळचे नाव जगभर गेले. एका रोगाचा हाडांतला इतिहास हजाराहून अधिक वर्षे मागे गेला, आणि त्यासाठी नवे काहीही खणावे लागले नाही.

दुसरा आक्षेप जागेचा. एका हंगामात हजारो खापरे निघतात. सगळी ठेवायची तर गोदामे पुरणार नाहीत. म्हणून काठ, बूड, नक्षी असलेली खापरे ठेवायची आणि साधी खापरे मोजून, नोंद करून जागेवरच पुरायची असा रिवाज पडला. रिवाज समजण्याजोगा आहे, आणि काही निवड अटळ आहे हेही मान्य केले पाहिजे. पण निवड कोणत्या निकषावर? फरमाण्याकडे पाहा. हरियाणातल्या या हडप्पाकालीन गावाचे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या सहभागाने झाले. २०१० मध्ये अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी तिथल्या भांड्यांवरचे आणि माणसांच्या दातांवरच्या किटणातले पिष्टकण तपासून हळद आणि आले यांच्या वापराचा पुरावा मांडला. स्वयंपाकाचे भांडे नक्षीचे नसते. ते काजळलेले, जाडेभरडे असते, म्हणजे जुन्या रिवाजाने जे पहिल्यांदा फेकले जाते तेच. आणि ब्रशने घासून स्वच्छ धुतलेल्या खापरावर असला पुरावा टिकण्याची शक्यता फार कमी. म्हणून निवड करायचीच तर नियम उलटा हवा: प्रत्येक थरातून काही साधी खापरे, न धुता, हात न लावता, त्याखालच्या मातीच्या नमुन्यासह ठेवायची. नक्षीच्या खापरांची जागा थोडी कमी झाली तर बिघडत नाही. त्यांची चित्रे अहवालात छापलेली असतात.

तिसरा आक्षेप अलीकडचा. सगळ्याचे त्रिमितीय स्कॅन करा, माहिती संगणकात घाला, मग वस्तू कशाला जपायच्या? स्कॅन हवेच. खापरावरची शाई पुसट होण्याआधी छायाचित्र घेतले तर ती ओळ वाचते, नाजूक हाड प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात द्यावे लागत नाही. पण स्कॅनमध्ये आकार असतो, द्रव्य नसते. राखीगढीच्या दफनभूमीतल्या साठाहून अधिक नमुन्यांमधून २०१९ च्या जनुकीय अभ्यासाला एकाच स्त्रीचा वापरता येण्याजोगा जीनोम मिळाला, तोही आतल्या कानाभोवतीच्या कठीण हाडातून. आपल्या उष्ण हवेत प्राचीन डीएनए फार लवकर विरतो. जमिनीत जे टिकले ते पत्र्याच्या छपराखालच्या उन्हाळ्यात संपू शकते. म्हणजे खोलीचे तापमान हा यापुढे संशोधनाचाच भाग आहे. इसामपूरच्या अश्मयुगीन खाणीचे वय बारा लाख वर्षांहून अधिक ठरले ते प्राण्यांच्या दातांच्या लुकणावरून. दातांची चित्रे असून भागले नसते. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: असे नमुने काढताना वस्तूचा काही भाग कायमचा जातो, आणि मानवी हाडांच्या बाबतीत ती कुणाची तरी माणसे होती. म्हणून नमुना कुणाला, किती, कशासाठी दिला याची नोंद वस्तूच्या नोंदीइतकीच काटेकोर हवी, आणि हाडाचा एक भाग पुढच्या पिढीसाठी राखून ठेवायलाच हवा. उत्खननाबाबत हे तत्त्व युनेस्कोने १९५६ मध्ये, दिल्लीतच भरलेल्या अधिवेशनात, मान्य केले आहे: जागेचा काही भाग न खणता सोडावा, पुढे साधने सुधारतील. तेच संग्रहालाही लागू पडते.

रोजच्या पातळीवर हे काम पावसाळ्याशी झुंजण्याचे आहे. कापडी पिशव्या दमटपणाने कुजतात, उंदीर त्या कुरतडतात. पिशवीतली कागदी चिठ्ठी कसर खाते आणि पिशवी फाटली की दोन थरांची खापरे एकत्र होतात. ते नुकसान कुठलाही तज्ज्ञ भरून काढू शकत नाही. तांब्याच्या वस्तूवर फिकट हिरवी भुकटी दिसू लागली तर आत क्षार जागे झाले आहेत असे समजायचे. ती वस्तू ताबडतोब वेगळी करून कोरड्या हवेत, सिलिका जेलसोबत ठेवायची. नाहीतर बघता बघता तिची भुकटी होते. लोखंडाचेही तेच. हाडे मात्र घट्ट प्लॅस्टिकमध्ये बंद केली तर बुरशी धरतात. मडक्यांत मुरलेले मीठ पावसाळा-उन्हाळ्याच्या फेऱ्यात पृष्ठभागावर येऊन रंगाचे पापुद्रे काढते. म्हणजे एकाच खोलीत सगळे एकाच तऱ्हेने ठेवणे हाच धोका आहे. यातले काहीही महागडे नाही. लागतो तो रोज कोठार उघडून बघणारा, नोंदवही हातात असलेला, हे काम शिकलेला माणूस. आपल्याकडच्या संस्थांत प्राध्यापकांची पदे मंजूर होतात. कोठाराच्या राखणदाराचे पद बहुधा शेवटी राहते आणि काटकसरीत पहिले जाते. खणायला परवाना लागतो, निधी लागतो, आणि ते मिळवण्याची पद्धत ठरलेली आहे. सांभाळायला तशी कुठलीच ठरलेली तरतूद नसते.

हे सारे पुण्यातच का असावे, असा प्रश्न गावकरी विचारतात, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. इनामगावच्या मुलाला आपल्या गावचा रांजण पाहायला पुण्याला का यावे लागावे? याला दुसरी वाटही आहे हे डेक्कन कॉलेजच्याच कामाने दाखवले. १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी कोल्हापूरला ब्रह्मपुरीचे उत्खनन केले. तिथल्या वस्तूंसाठी कोल्हापुरातच संग्रहालय उभे राहिले आणि रोमन धाटणीची समुद्रदेवाची प्रसिद्ध कांस्यमूर्ती आज त्या शहरातच पाहायला मिळते. दर्शनीय वस्तू गावाजवळ असाव्यात, हे मला पटते. पण अभ्यासाचा साठा, म्हणजे हाडे, धान्य, माती, साधी खापरे, हा तुलनेसाठी लागतो. इनामगावचे बैलाचे हाड ओळखायला शेजारी आजच्या बैलाचा सांगाडा लागतो, नेवाशाचे हाड लागते. पी. के. थॉमस यांच्यासारख्या प्राणिशास्त्राच्या आणि मु. द. काजळे यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी इथे जे काम केले ते सगळे एका छताखाली असल्यामुळे शक्य झाले. साठा वाटून टाकला की हे तुलनेचे बळ जाते. वाटणी वस्तूंची व्हावी, नोंदीची होऊ नये. कोल्हापूरच्या कपाटातला मणी आणि पुण्याच्या कोठारातले त्याच चरातले खापर एकाच यादीत शेजारी दिसले पाहिजेत.

१९९० पासून अभिमत विद्यापीठ असलेल्या या संस्थेच्या पुढच्या स्मरणिकेत म्हणूनच एक परिशिष्ट असावे. लांघणजपासून राखीगढीपर्यंत प्रत्येक उत्खननासमोर छापावे: किती पेट्या, कुठल्या खोलीत, किती खापरांवरची शाई अजून वाचता येते, कोणते नमुने कधी, कोणत्या प्रयोगशाळेला दिले आणि उरलेले परत आले का, धान्य, हाडे आणि न धुतलेली खापरे किती शिल्लक आहेत, शेवटची तपासणी कोणत्या महिन्यात झाली आणि कुणी केली. नव्या परवान्याच्या प्रत्येक अर्जाला हे परिशिष्ट जोडावे, आणि ज्या उत्खननाच्या रकान्यांत उत्तरे नसतील तिथले काम पुरे होईपर्यंत नवा चर आखू नये.